विचार करणारे दिवे

कारखान्यात त्याला सगळे चाळण म्हणायचे. नाव तिथेच कामाला असलेल्या पंचांनी ठेवलं होतं, आणि पंचांनी ठेवलेलं नाव एकदा चिकटलं की माणसाच्या बापाने ठेवलेलं नाव लोक विसरून जायचे. पण त्यात खोटं काही नव्हतं. हा माणूस सकाळी येऊन खुर्चीत बसायचा आणि संध्याकाळपर्यंत बुद्धिबळाच्या चाली चाळायचा.

कारखाना म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. खाली लाकूडकाम आणि वर एक लांबट खोली. खालचे लोक लाकडी पट आणि मोहरे बनवायचे आणि वरच्या खोलीकडे जरा तिरक्या नजरेनेच बघायचे, कारण वर विजेवरचा पट तयार होत होता. दिसायला साधाच, पण प्रत्येक घराच्या कोपऱ्यात एक इवलासा लाल दिवा आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाला लोहचुंबक. तुम्ही मोहरा हलवला की पटाला कळतं, तो विचार करतो, आणि आपल्याला कुठून कुठे जायचंय ते दोन दिवे लावून सांगतो. मोहरा मात्र त्याच्या वतीने तुम्हीच हलवायचा, कारण त्याला हात नाहीत.

डोकं होतं, पण तेही बेताचंच. मालकाने कुठूनशा स्वस्तात मिळाल्या म्हणून ढीगभर चिपा घेऊन ठेवल्या होत्या, कपडे धुण्याच्या यंत्रात घालायच्या लायकीच्या. "ह्याच्यातच बसव," मालक म्हणाला. चाळणने मान डोलावली. नाही म्हणायची अक्कल त्याला तेव्हाही नव्हती आणि नंतरही आली नाही.

आता चाळायचं म्हणजे काय, तर ऐका. डावात कुठल्याही वेळी तीस-चाळीस चाली करता येतात. प्रत्येक चालीवर समोरच्याची तितकीच उत्तरं, त्या प्रत्येकावर पुन्हा आपली. सगळं बघत बसलं तर ती गरीब चिप पुढच्या जन्मी उत्तर देईल. पण यात एक पळवाट आहे. एखादी चाल वाईट आहे हे ठरवायला समोरच्याची सगळी उत्तरं बघावी लागत नाहीत. आपला घोडा फुकट घालवणारं एक उत्तर सापडलं, बास. ती चाल कापायची आणि पुढे सरकायचं. म्हणजे सगळं येऊन अडतं ते एवढ्यावरच, की ते नेमकं उत्तर आधी हाताला लागलं पाहिजे. रांग नीट लावली असेल तर काम चुटकीसरशी होतं. रांग चुकली तरी उत्तर तेच येतं, फक्त फार उशिरा.

म्हणून चाळण रांगा लावायचा. मारामारीच्या चाली पुढे, त्यातही प्याद्याने वजीर मारता येत असेल तर ती सगळ्यात पुढे. त्यांच्या मागे, आधी कुठे ना कुठे उपयोगी पडलेल्या चाली. आणि कुणाला न मारणाऱ्या, शह न देणाऱ्या, मुकाट्याने एखादं घर सरकणाऱ्या चाली सगळ्यात शेवटी. त्यांना तो शांत चाली म्हणायचा. शांत चालींचं बघू सावकाश, असं त्याचं धोरण होतं.

हा धंदा एकदा अंगात मुरला की घरी येताना दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. घरी दोघंच. बायको हॉस्पिटलच्या अपघात विभागात दाराशीच्या काउंटरवर असायची. आलेल्या माणसाकडे एकदा बघून कुणाला आधी आत पाठवायचं हे तिला ठरवावं लागायचं, तेही रडारड आणि शिव्या ऐकत. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, रेल्वेने दिवसभराच्या अंतरावर एका दुसऱ्या गावात राहायची. म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं एक घर ती चालवत होती.

"ताई थकली आता," बायको एका सकाळी चहा गाळता गाळता म्हणाली. "गुडघे गेलेत तिचे. मला म्हणते, ये आणि हे हातात घे. वर दोन खोल्या आहेत. आपण दोघांनी जावं असं मला फार वाटतंय."

"तिथे मला काय काम?" चाळण म्हणाला.

"कामाला काय तोटा. त्यांचे कॉम्प्युटर कायम बंद पडलेले असतात."

"ते काय काम आहे का?"

"मग नुसता राहायला चल. इथे मी घरी येते तेव्हा तू नसतोस, तू येतोस तेव्हा मी पेंगत असते. तिथे निदान एका छपराखाली जागे तरी असू."

"पट अर्धवट आहे गं."

"झाला की?"

"झाला की बघू."

तिने गाळणं नळाखाली धरलं. "एक हरकत सापडली की तू पुढचं बघतच नाहीस," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली, थकलेली होती. मग हात पुसून म्हणाली, "बरं. मी विचार करते."

आणि हा माणूस निश्चिंत झाला. विचार करतेय म्हणजे अजून ठरलेलं नाही. ठरलेलं नाही म्हणजे वेळ आहे. पट एकदा बाजारात गेला की आपण शांतपणे बसून बोलू, तिला हवं असेल तर जाऊही, असं त्याने मनाशी पक्कं करून टाकलं आणि चपला घातल्या. तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला खरंच वाटत होतं की वेळ आहे.

तशी ती या पटाच्या वाईटावर नव्हती. उलट सुरुवातीला रविवारी दुपारी कच्चा पट घरी आणला की तीच आधी खेळायला बसायची. फार काही येत नव्हतं तिला, पण एक खोड होती. डाव ऐन रंगात आला, सगळे मोहरे एकमेकांच्या उरावर बसले, की ती आपला राजा गुपचूप एक घर बाजूला सरकवायची. बास, एवढंच. आणि पट गडबडायचा, कारण चाळणच्या रांगेत ती चाल तळाला असायची आणि तिथवर पोचेपर्यंत चिपचा जीव जायचा. ती टाळ्या पिटून हसायची. मग चाळणने एक तक्ता घातला आत. ज्या शांत चालीने पूर्वी काम केलं तिला गुण द्यायचे आणि गुणवाल्या शांत चाली बाकीच्यांच्या पुढे घ्यायच्या. महिनाभरात पट तिच्या राजाची पायरी आधीच ओळखायला लागला.

"आता याला माझं सगळं ठाऊक झालं," ती म्हणाली आणि मोहरे डब्यात भरले. त्यानंतर ती फारशी खेळली नाही. चाळणला वाटलं, कंटाळली असेल.

थंडी सुरू झाली आणि मालक वर आला. वर यायला त्याला जिना चढावा लागायचा, त्यामुळे तो आला की काहीतरी वाईट घेऊनच यायचा. खेळाच्या अवघड पातळीवर पट एका चालीला अर्धा अर्धा मिनिट घेत होता. नमुन्याचे पट ठेवून बघितलेल्या दुकानदारांनी हात वर केले होते. "माणूस उभ्या उभ्या बघतो दुकानात," मालक म्हणाला. "अर्धा मिनिट काही झालं नाही की त्याला वाटतं बिघडलाय. ह्या मोसमात झालं तर झालं. नाहीतर वरची खोली बंद, सगळ्यांनी खाली यायचं आणि प्यादी घासायची."

खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकटे पंच तेवढे हसत होते. पंच म्हणजे स्पर्धांमध्ये आयुष्यभर पंच म्हणून उभे राहिलेले गृहस्थ, निवृत्तीनंतर पटाशी खेळून त्याच्या चुका काढायच्या कामावर होते. "चाळण," ते म्हणाले, "तुझ्या हाताला प्यादी घासणं शोभून दिसेल बघ."

चाळण त्या थंडीत घरी फक्त झोपायला जात होता म्हणायला हरकत नाही. रांगा अजून बारीक केल्या, गुण बदलून बघितले, उलटसुलट केलं. चिप थोडी हलायची आणि पुन्हा ढिम्म. त्याच्या नाकी नऊ आले. जेवताना घास हातात धरून तो भिंतीकडे बघत बसायचा, आणि बायको त्याच्याकडे बघत बसायची.

मग तो रविवार आला. दोघंही घरी, दुपारचं जेवण, बाहेर ऊन पडलेलं. बायको काउंटरवरची हकीकत सांगत होती. आदल्या दिवशी बस उलटली होती कुठेतरी आणि एकदम खूप माणसं दाराशी आली होती.

"मग तू सगळ्यांचे नंबर लावलेस?" चाळणने विचारलं. त्याला रांगेचं ऐकलं की कान टवकारायची सवय होती.

"नंबर कशाला लावतेय मी. तेवढ्यात एखादा मरेल," ती म्हणाली. "सगळ्यांवरून एकदा नजर फिरवायची आणि आधी कोण, एवढं बघायचं. तो आत गेला की पुन्हा नजर फिरवायची. शेवटचा कोण आणि त्याच्या आधीचा कोण, हे ठरवून काय करायचंय? कितीदा तर तिथवर वेळच येत नाही, डॉक्टरच बाहेर येऊन उरलेल्यांना घेऊन जातात. आणि ओरडणाऱ्याकडे आधी बघायचं नाही. ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे. जो गप्प पडलाय..."

चाळणचा हात थांबला. सगळी रांग लावायचीच कशाला? आपण ती चिप तीस-चाळीस चाली नीट ओळीत उभ्या करण्यात दमवतो आणि मग पहिल्याच चालीवर काम भागतं. बाकीची ओळ लावली ती पाण्यात. एक निवडायची, बघायची. भागलं नाही तरच दुसरी निवडायची. इतकं साधं. तो ताटावरून उठला तेव्हा बायको सांगत होती, "ताईचा काल फोन आला होता, ती म्हणते की..."

"आलोच," चाळण म्हणाला. हात धुतला न धुतला आणि जिना उतरला.

आलोच म्हणजे अंधार पडल्यावर आला. ताट झाकून ठेवलेलं होतं. बायको फोनवर बोलत होती, त्याला बघून तिने फोन ठेवला. चाळणला काही सुचत नव्हतं इतका आनंद झाला होता. "जमलं," तो म्हणाला. "तुझ्यामुळे जमलं. तू ते नंबर लावत नाही म्हणालीस ना, तेच."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि जेवण गरम करायला उठली.

"आता हे पार पडलं की आपलं बोलू. ताईचं. तू विचार करतेयस ना?"

"हो," ती म्हणाली. "करतेय."

दुसऱ्या दिवशी पंच पटासमोर बसले. त्यांनी प्यादं सरकवलं आणि मोहऱ्यावरचा हात उचलला न उचलला तोच दिवे लागले. पंचांनी भुवया वर केल्या. घोडा काढला, दिवे लागले. मध्यावर आल्यावर, जिथे पट पूर्वी ऊर फुटेस्तोवर विचार करायचा तिथेही, लगेच दिवे लागले. पंच एकामागून एक तीन डाव हरले. खालचे सुतारसुद्धा जिना चढून बघायला आले. मालकाने सगळ्यांना चहा आणि बिस्किटं सांगितली आणि चाळणच्या पाठीवर थाप मारली. चाळणचा जीव भांड्यात पडला. इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा दिवसाउजेडी घरी गेला.

घरी ती डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. साखर, मीठ, तांदूळ, डाळ. कुठला डबा कुठे आहे हे चाळणला कधीच ठाऊक नव्हतं. "हे बरं केलंस," तो म्हणाला. ती त्या दिवसांत फार मायेने वागत होती. त्याच्या शर्टांची तुटलेली बटणं लावून झाली होती, गॅसची नळी बदलून झाली होती. कशावरून वाद नाही, टोमणा नाही. चाळणला वाटलं, विचार करता करता हिचं मन वळतंय. सांगा आता, काय म्हणायचं अशा माणसाला.

पंधरवड्याने मालक पुन्हा जिना चढून आला. यावेळी त्याच्या हातात पट होता, दुकानातून परत आलेला.

"लोकांना आवडत नाहीये," मालक म्हणाला.

"का? आता काय झालं?"

"फार भरभर उत्तर देतो."

चाळणला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अरे, माणूस दहा मिनिटं डोकं खाजवून एक चाल करतो," मालक खुर्ची ओढून बसला. "आणि हा पठ्ठ्या त्याचा हात बाजूला व्हायच्या आत दिवे लावतो. माणसाला अपमान वाटतो. एकजण तर म्हणाला, हा विचारच करत नाही, सगळं आधीच भरून ठेवलंय आत, फसवणूक आहे. मी स्वतः उभा होतो दुकानात, माझ्यासमोर म्हणाला."

"पण साहेब, तो विचार करतो. पूर्वीपेक्षा जास्त खोल करतो. नुसता वेगाने करतो."

"ते मला सांगून काय उपयोग. त्याला थांबायला लाव."

"थांबायला?"

"थोडा वेळ. दिवे लुकलुकू देत इकडे तिकडे. जरा विचार केल्यासारखं दिसू दे."

"उत्तर सापडलेलं असताना?"

"उत्तर सापडलं म्हणून काय लगेच तोंडावर फेकायचं?" मालक म्हणाला. "माणसाला बरं वाटेल इतकं थांबायचं. सोपी चाल असली तर थोडं, अवघड असली तर जास्त. हे तुला मी शिकवायचं का?"

चाळण पंचांकडे बघत राहिला. पंच चष्मा पुसत होते. "त्यांचं बरोबर आहे, चाळण," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं स्पर्धांत बघितलंय. ज्याला डाव जिंकल्याचं कळलेलं असतं तोही जरा थांबतो. समोरच्याचा मान राहतो."

थंडीभर रक्त आटवून त्याने जो वेळ वाचवला होता, तो सगळा आता परत भरायचा होता. आणि भरायला काहीच अक्कल लागत नव्हती. उत्तर तयार ठेवायचं, दिवे कुठलेही लुकलुकवायचे, आणि मग दाखवायचं. चाळणने ते चहा पिता पिता लिहून टाकलं. लिहिताना त्याला मोठ्याने हसावंसं वाटत होतं, पण हसू आलं नाही. मालकाने बघितलं, खूश झाला, परवा माल निघेल म्हणाला, आणि वरची खोली वाचली.

दुपारीच सुट्टी मिळाली. चाळणने एक पट काखेत मारला आणि घरी गेला. आता काही अडसर नव्हता. पट झाला होता. आता बोलायचं होतं.

बायको घरी होती. खाटेवर कपड्यांच्या घड्या होत्या. "बस," चाळण म्हणाला, "एक डाव खेळ माझ्यासाठी. मग आपलं सगळं बोलू. आज मी मोकळा आहे." त्याने टेबलावर पट मांडला. ती जरा घुटमळली, मग घड्या बाजूला करून बसली.

तिने प्यादं सरकवलं. पटावर दिवे लुकलुकायला लागले, एक इकडे, एक तिकडे, पुन्हा पहिला. तिने हनुवटी हातावर टेकवली.

"काय करतोय आता?" तिने विचारलं.

"काही नाही," चाळण हसला. "उत्तर केव्हाच सापडलंय त्याला. नुसता थांबलाय."

"का?"

"मालकाचं डोकं. लगेच सांगितलं की माणसाला वाईट वाटतं म्हणे. वाटतं, आपल्यासाठी एवढाही विचार केला नाही. म्हणून माणसाला बरं वाटेल इतकं थांबायचं आणि मग सांगायचं."

दिवे स्थिर झाले. तिने पटाचं प्यादं त्याच्या घरात सरकवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. आता चाल तिची होती, पण ती पटाकडे बघत नव्हती.

"मग तुला समजेल," ती म्हणाली.

"काय?"

"मी उद्या सकाळच्या गाडीने जातेय. ताईकडे. एकटी."

चाळणला आधी वाटलं, चार दिवसांसाठी. मग त्याची नजर घड्यांकडे गेली. तिथे उन्हाळ्याचे कपडेही होते.

"तू विचार करतेय म्हणाली होतीस."

"करत होते. खरंच करत होते, त्या रविवारपर्यंत. तू जेवता जेवता उठून गेलास ना, तोवर. मी ताट झाकलं आणि मला कळलं. संध्याकाळी ताईला फोन करून येते म्हणून सांगितलं. त्यानंतर मी विचार केलेला नाही."

"मग इतके दिवस?"

"थांबले होते," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, हिने उभ्या उभ्या संसार मोडला. जरा विचारसुद्धा केला नाही. तुझं कामही अडलेलं होतं. म्हटलं, याचं होऊ दे, मग सांगू. मला तुला दुखवायचं नव्हतं रे."

तो रविवार त्याच्या डोळ्यांसमोर आला, ताटातला भात, खिडकीतलं ऊन. थंडीभर जे सापडत नव्हतं ते त्याला त्याच टेबलावर, त्याच मिनिटाला सापडलं होतं. आणि तिलाही.

"मी येतो," तो म्हणाला. "मी पण येतो तुझ्याबरोबर."

"परवा तुझा माल निघायचाय."

"नोकरी सोडतो."

"आणि तिथे जाऊन माझ्यामुळे सोडली म्हणून झुरत बसशील. मला ते बघवणार नाही."

"मग एक वर्ष दे मला. नाहीतर सहा महिने. तू थांब फक्त."

"थांबलेच होते की," ती म्हणाली.

तो आणखी बोलायला गेला. तिला त्याच्या प्रत्येक म्हणण्यावर एकेकच वाक्य सापडत होतं, ते पुरत होतं, आणि तिला ते शोधावंही लागत नव्हतं. कितीतरी दिवस तिने ती वाक्यं ओळीने लावून ठेवली असणार. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला, आणि तीही रडली. पण उठली आणि घड्या बॅगेत भरायला लागली.

सकाळी तो तिला स्टेशनवर सोडायला गेला. बॅग त्यानेच उचलली. फलाटावर ती म्हणाली, "डाळ संपत आली की डब्यावर लिहिलंय तीच आण, दुसरी तुला शिजत नाही." गाडी वेळेवर आली. तिने खिडकीतून हात दाखवला, त्याने दाखवला, आणि गाडी गेली.

घरी आला तर पट टेबलावर तसाच चालू होता. तिची चाल बाकी होती. पटाला थांबण्याची मुदत त्याने घालून दिली होती, पण समोरच्या माणसाला मुदत नव्हती. माणूस कितीही वेळ घेऊ शकत होता. चाळणने बटणाकडे हात नेला आणि मागे घेतला. मग कपडे बदलून कामावर गेला, कारण माल निघायचा होता.

पट मात्र चालला. भरभरून चालला. लोक म्हणायचे, काय विचार करतो बुवा हा, अगदी माणसासारखा. दुकानांकडून मागणीवर मागणी आली, मालक जिना उड्या मारत चढायला लागला आणि वरच्या खोलीत नवीन खुर्च्या आल्या. चाळणने ताईकडे फोन केले. पहिल्यांदा ती बराच वेळ बोलली, म्हाताऱ्यांच्या गमती सांगितल्या. नंतर कामात आहे म्हणाली. मग ताईच फोन उचलायला लागली आणि "निरोप देते हं" म्हणायला लागली. ताईचा आवाज फार मऊ असायचा त्या वेळी. घरचा पट त्याने बंद केला नाही. धूळ बसली की फडक्याने पुसायचा, मोहरे हलणार नाहीत अशा बेताने.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी पंच नवीन पटांच्या तपासणीला बसले होते. खोलीत दोघंच होते. पंचांनी उंट काढला आणि दिवे लुकलुकायला लागले. पंचांची नजर पटावरच होती.

"वहिनी बऱ्याच दिवसांत दिसल्या नाहीत," ते म्हणाले. "ताईकडे गेल्यात म्हणे. परत कधी येतायत?"

चाळण त्या दिव्यांकडे बघत होता. एक इकडे, एक तिकडे, पुन्हा पहिला.

"विचार करतेय ती," तो म्हणाला.

त्या दिव्यांमागे काय असतं हे चाळण सोडला तर कारखान्यात पंचांइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी चाळणकडे एकदा बघितलं. मग चष्मा नीट केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, आणि दिवे थांबायची वाट बघत बसले.